टर्बो इंजिनाची ओढ कमी झाली, इंजिन मिस मारू लागले : दोष कसा शोधावा?

पेरणीचा वाफसा चार-सहा दिवसांचाच असतो. नेमक्या अशा वेळी ट्रॅक्टर रोटाव्हेटर ओढेनासा होतो, चढावर दम टाकतो किंवा झटके देत चालतो. शेतकरी बंधू घाईघाईने ट्रॅक्टर गॅरेजला नेतात. कोणी सांगतो पंप गेला, कोणी सांगतो टर्बो गेला, तर कोणी पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवून देतो. खर्च होतो, दिवस जातात आणि पुष्कळदा मूळ दोष तसाच राहतो. प्रत्यक्षात अशा अनेक तक्रारींचे मूळ चोंदलेला एअर फिल्टर, सैल झालेली पाईपची क्लिप, डिझेलमधील पाणी किंवा टाकीच्या झाकणाचे बुजलेले छिद्र यांसारख्या साध्या गोष्टींत असते. हे दोष शेतकऱ्याला स्वतः, थोड्याच हत्यारांनी व अर्ध्या-एक तासात शोधता येतात. त्यासाठी तपासणीचा क्रम मात्र ठाऊक हवा. तो क्रम या लेखात दिला आहे. लेखातील माहिती प्रामुख्याने टर्बोचार्जर असलेल्या डिझेल ट्रॅक्टरसाठी आहे. तीच तत्त्वे डिझेल जीप व पिकअपलाही लागू पडतात. घरच्या टर्बो पेट्रोल गाडीसाठी लेखाच्या शेवटी वेगळी माहिती दिली आहे.

टर्बोचार्जर काय करतो?

१ लिटर डिझेल पूर्णपणे जळण्यासाठी किमान सुमारे १२ किलो, म्हणजे जवळजवळ १० हजार लिटर हवा लागते. डिझेल इंजिन प्रत्यक्षात याहूनही अधिक हवा घेते. म्हणजे तासाला ६ लिटर डिझेल जाळणारा ट्रॅक्टर त्याच वेळात ६० हजार लिटरपेक्षा जास्त हवा ओढून घेत असतो. इंजिन लहान ठेवून त्यातून जास्त शक्ती मिळवायची असेल, तर जास्त डिझेलबरोबर जास्त हवाही दिली पाहिजे. हे काम टर्बोचार्जर करतो. या युक्तीचे पेटंट स्वित्झर्लंडचे अभियंता आल्फ्रेड ब्यूखी यांनी १९०५ साली घेतले होते.

टर्बोमध्ये एकाच दांड्यावर दोन चाके असतात. सायलेन्सरकडे जाणाऱ्या गरम धुराने एक चाक फिरते आणि त्याबरोबर फिरणारे दुसरे चाक एअर फिल्टरमधून हवा खेचून दाबाने इंजिनात ढकलते. लहान टर्बोचा दांडा मिनिटाला १ लाखाहूनही अधिक फेरे घेतो. हा दांडा इंजिन ऑईलच्या पातळ थरावर तरंगत फिरतो. दाबलेली हवा गरम होते, म्हणून बऱ्याच इंजिनांत ती इंटरकूलरमधून थंड करून आत सोडतात.

यावरून दोन गोष्टी लक्षात येतील. पहिली, टर्बो स्वतः शक्ती निर्माण करीत नाही, तो फक्त हवा पुरवितो. इंजिन अशक्त असेल, तर धुराचा जोर कमी पडून टर्बोही मंद फिरतो. म्हणून टर्बो मंद फिरतो याचा अर्थ टर्बो बिघडला असा लगेच काढू नये. दुसरी, इंजिनावर भार नसताना टर्बोचा दाब नगण्य असतो. त्यामुळे टर्बोच्या बाजूचा दोष उभ्या ट्रॅक्टरवर बहुधा कळत नाही, तो शेतात भारावरच कळतो.

१) दोष खरोखर इंजिनाचाच आहे का?

प्रथम ट्रॅक्टर नेहमीच्या शेतात, नेहमीच्या गिअरमध्ये व नेहमीच्या खोलीवर चालवून पाहावा. इंजिनाच्या फेऱ्यांच्या काट्याकडे लक्ष ठेवावे.

फेरे कायम राहतात पण ट्रॅक्टर पुढे सरकत नाही किंवा अवजार मंदावते, अशी स्थिती असेल, तर इंजिन चांगले आहे. क्लच घसरतो आहे किंवा टायर जागीच फिरतात असे समजावे. फेरे खाली येतात व इंजिन दबते, अशी स्थिती असेल तरच दोष इंजिनात शोधावा. त्यापूर्वी सपाट जागी गिअर न्यूट्रल करून ट्रॅक्टर सहज ढकलला जातो का हे पाहावे. ब्रेक चिकटून राहिले असतील, तर चांगले इंजिनही दमते. बोथट पाती, जास्त खोली, ओली चिकट जमीन किंवा चुकीचा गिअर यांमुळेही ओढ कमी झाल्यासारखी वाटते.

२) रेसचा दांडा पूर्ण काम करतो का?

इंजिन गरम झाल्यावर, कोणताही भार न देता रेसचा दांडा पूर्ण पुढे करावा व फेरे वाचावेत. बिनभाराचे कमाल फेरे किती असावेत हे पुस्तिकेत दिलेले असते. ते ठरावीक कामाच्या फेऱ्यांपेक्षा थोडे अधिक असतात. उदाहरणार्थ, २,२०० फेऱ्यांवर पूर्ण शक्ती देणारे इंजिन बिनभाराने साधारण २,३५० ते २,४०० फेऱ्यांपर्यंत जाते.

येथेच फेरे कमी भरत असतील, तर रेसची केबल किंवा सांधा सैल झाला आहे का, पंपावरील दांडा अखेरच्या थांब्यापर्यंत पोहोचतो का, इंजिन बंद करण्याची केबल अर्धवट ओढलेली राहिली आहे का, हे तपासावे. हा दोष पान्याने पाच मिनिटांत दुरुस्त होतो. फेरे बरोबर असतील आणि भार दिल्यावरच इंजिन दबत असेल, तर पुढची तपासणी करावी.

३) धुराचा रंग पाहा

पूर्ण भारावर इंजिन दबत असताना सायलेन्सरमधून कोणता धूर येतो, हे दुसऱ्या व्यक्तीस लांबून पाहावयास सांगावे.

काळा धूर : डिझेल आहे, हवा कमी पडते. एअर फिल्टर, हवेचे पाईप, टर्बो, गळणारे नोझल, किंवा नुसताच जास्त भार.

धूर नाही, तरी ओढ नाही : डिझेलच कमी पोहोचते. टाकीचे झाकण, फिल्टर, पाईप, डिझेलमध्ये हवा.

पांढरा धूर, डोळ्यांना झोंबणारा : डिझेल न जळता बाहेर पडते. एखादा सिलिंडर मिस मारतो, कॉम्प्रेशन कमी आहे किंवा टायमिंग चुकले आहे.

पांढरी वाफ आणि रेडिएटरचे पाणी कमी होणे : हेड गॅस्केट फुटल्याची किंवा हेडला तडा गेल्याची शंका घ्यावी.

निळसर धूर : इंजिन ऑईल जळते. रिंगा, व्हॉल्व्ह गाईड किंवा टर्बोचे सील.

थंडीत सकाळी इंजिन सुरू करताना येणारा थोडा पांढरा धूर आणि एकदम रेस दिल्यावर क्षणभर दिसणारा काळा धूर हे दोष समजू नयेत. संगणकाने नियंत्रित होणाऱ्या नव्या इंजिनांत हवा कमी पडली की संगणकच डिझेल कमी करतो. त्यामुळे तेथे हवेचा दोष असूनही काळा धूर दिसेलच असे नाही, हे लक्षात ठेवावे.

४) काळा धूर येत असल्यास : हवेची वाट तपासा

(अ) एअर फिल्टर : कोरड्या प्रकारच्या फिल्टरवर चोंदल्याचा इशारा देणारा लाल निर्देशक असल्यास तो पाहावा. बाहेरील गाळणी हलक्या हाताने झटकावी व कमी दाबाची हवा आतून बाहेरच्या दिशेने मारावी. बाहेरून आत हवा मारल्यास धूळ कागदात रुतते. गाळणी टायरवर आपटू नये. आपटल्याने तिची कड वाकते व तेथून धूळ आत जाते. नंतर अंधाऱ्या जागी गाळणीच्या आत बॅटरी धरावी. प्रकाशाचा एक जरी ठिपका थेट दिसला, तरी गाळणी बदलावी. आतील लहान, सुरक्षेची गाळणी कधीही साफ करू नये, ती फक्त बदलावी. ऑईलच्या प्रकारात भांड्यातील ऑईल खुणेपर्यंत आहे का व तळाशी किती गाळ साठला आहे, हे पाहावे. शंका दूर करण्यासाठी नवी गाळणी बसवून ट्रॅक्टर भारावर चालवावा. फिल्टर काढून ठेवून इंजिन चालवून पाहण्याची सवय मात्र घातक आहे. मिनिटाला हजारो लिटर धुळीची हवा आत जाऊन टर्बोची पाती व लायनर झिजतात.

(आ) फिल्टर ते टर्बो हा पाईप : हा पाईप हवा ओढणारा असतो. जुना रबरी पाईप पूर्ण रेसवर आत दबून चपटा होत असेल, तर हवेची वाट बंद होते. त्याला भेग असेल, तर धूळ थेट टर्बोत जाते.

(इ) टर्बो ते इंजिन हा पाईप : येथे हवा दाबाखाली असते. क्लिप सैल असल्यास किंवा पाईप फाटला असल्यास दाबलेली हवा बाहेर निघून जाते. भारावर चालताना ‘फुस्स’ असा किंवा वाढलेल्या शिट्टीसारखा आवाज येतो. गळतीच्या जागी तेलकट धुळीचा डाग पडतो, तो कापडाने पुसून दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहावा. इंटरकूलरच्या टोकांनाही असे डाग शोधावेत. इंजिन मंद चालत असताना साबणाचे पाणी लावून गळती दिसत नाही, कारण त्या वेळी पाईपमध्ये दाबच नसतो. गॅरेजमध्ये इंजिन बंद ठेवून पाईपात बाहेरून हलका दाब भरतात व मग साबणाचे पाणी लावतात, ती पद्धत खात्रीची आहे.

(ई) सायलेन्सरची बाजू : सिलिंडर हेड ते टर्बो या भागातील गॅस्केट गळत असेल, तर धुराचा जोर टर्बोपर्यंत पोहोचत नाही. जोडाजवळ काजळीचे काळे ओरखडे दिसतात व टकटक असा आवाज येतो. सायलेन्सर काजळीने किंवा घुशी-उंदरांनी भरलेल्या कचऱ्याने बुजलेला नाही ना, हेही पाहावे. बराच काळ उभ्या असलेल्या ट्रॅक्टरमध्ये असे घडते.

(उ) दाब नियंत्रक झडप : बऱ्याच टर्बोंवर जादा दाब सोडून देणारी झडप असते. ती उघडी अडकली, तर दाब तयारच होत नाही. तिची दांडी गंजून अडकली आहे का व तिच्याकडे जाणारी बारीक नळी जागेवर आहे का, हे पाहावे. दांडीची लांबी कमी-जास्त करू नये.

५) धूर नाही आणि ओढही नाही : डिझेलची वाट तपासा

(अ) टाकीचे झाकण : ट्रॅक्टर सुरुवातीला चांगला चालतो आणि अर्ध्या-पाऊण तासाने मंदावत जातो, अशी तक्रार असेल, तर प्रथम झाकण उघडावे. आत हवा ओढल्याचा आवाज झाला व ट्रॅक्टर पुन्हा नीट चालू लागला, तर झाकणाचे हवेचे छिद्र बुजले आहे. ते साफ करावे. या दोषापायी विनाकारण पंप उघडले जातात.

(आ) डिझेलचा प्रवाह : टाकीचा कॉक पूर्ण उघडा आहे का ते पाहावे. टाकी पंपापेक्षा उंच असेल, तर फीड पंपाच्या अगोदरचा पाईप सोडून डिझेल स्वच्छ काचेच्या बाटलीत धरावे. धार भरून व सलग आली पाहिजे. बाटली १५ ते २० मिनिटे स्थिर ठेवावी. पाणी व कचरा असल्यास तो तळाशी बसलेला दिसतो. पाणी दिसल्यास टाकी, गाळाची वाटी व फिल्टर यांतील पाणी काढून टाकावे. पाण्याने पंपाचे व नोझलचे बारीक भाग गंजतात.

(इ) डिझेल फिल्टर : ठरलेल्या तासांनंतर फिल्टर बदलावा. दोन फिल्टर असल्यास पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे बदलावेत. फिल्टर डिझेलने धुऊन पुन्हा बसविणे ही खोटी काटकसर आहे.

(ई) डिझेलमध्ये हवा : फीड पंपाच्या अगोदरच्या भागात सांधा सैल असल्यास तेथून डिझेल बाहेर ठिबकेलच असे नाही. पंप ओढत असल्यामुळे उलट हवाच आत खेचली जाते. इंजिन झटके देते, फेरे वर-खाली होतात. अशा वेळी फिल्टरवरील हवा काढण्याचा स्क्रू सैल करून हँड प्रायमर मारावा. बुडबुडे थांबून निव्वळ डिझेल आले की स्क्रू आवळावा. हेच पुढे पंपावरील स्क्रूवर करावे. हवा एकदा काढल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा येत असेल, तर हवा काढत बसण्यापेक्षा वॉशर, रबरी पाईप व गाळाच्या वाटीचे पॅकिंग बदलावे.

(उ) पंपाकडे जाणारी हवेची नळी : काही टर्बो इंजिनांत इनटेक मॅनिफोल्डपासून डिझेल पंपावरील डबीपर्यंत एक बारीक नळी असते. टर्बोचा दाब वाढला की तिच्याद्वारे पंपाला जास्त डिझेल देण्याचा इशारा मिळतो. ही नळी निसटली किंवा तडकली, तर पंप डिझेल वाढवीतच नाही. इंजिन बिनभाराने सुरळीत चालते, धूर नसतो आणि भार येताच दबते. आपल्या ट्रॅक्टरला अशी नळी असल्यास ती हाताने चाचपून पाहावी.

६) इंजिन मिस मारत असल्यास : कोणता सिलिंडर?

मिस मारणे म्हणजे एखाद्या सिलिंडरमध्ये डिझेल न जळणे किंवा अपुरे जळणे. इंजिन थरथरते, आवाज एकसारखा येत नाही व पांढरा धूर येतो. प्रथम डिझेलमधील हवा व पाणी काढून टाकावे. त्यानंतरही मिस राहिल्यास दोषी सिलिंडर शोधावा.

सर्वांत सोपी पद्धत अशी. थंड इंजिन सुरू करून मंद चालू द्यावे व मिनिटभराने मॅनिफोल्डच्या प्रत्येक वाटेवर पाण्याचा एकेक थेंब टाकावा. जेथे थेंब उशिरा सुकतो, तो सिलिंडर काम करीत नाही. हाताने स्पर्श करू नये.

दुसरी पद्धत फक्त जुन्या, साध्या डिझेल पंपाच्या इंजिनासाठी आहे. इंजिन मंद चालू ठेवून एका इंजेक्टरच्या पाईपचे नट कापड गुंडाळून अर्धा फेरा सैल करावे. सिलिंडर चांगला असेल, तर इंजिनाचा आवाज लगेच बदलतो व फेरे पडतात. काहीच फरक पडला नाही, तर तोच दोषी सिलिंडर होय. नट आवळून पुढच्या सिलिंडरकडे जावे.

सावधान! कॉमन रेल प्रकारच्या इंजिनावर ही पद्धत कधीही वापरू नये. तेथे पाईपमधील दाब १,६०० बार किंवा त्याहून अधिक असू शकतो. अशी बारीक धार कातडीतून आत शिरते. वरून टाचणीएवढीच जखम दिसते, परंतु आतील मांस सडून बोट किंवा हात गमावण्याची वेळ येते. अशी इजा झाल्यास दुखत नसले तरी ताबडतोब मोठ्या रुग्णालयात जावे व डिझेल दाबाने आत गेले आहे, असे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. साध्या पंपावर काम करतानाही चष्मा व हातमोजे वापरावेत.

दोषी सिलिंडर सापडल्यावर त्याचा इंजेक्टर शेजारच्या चांगल्या सिलिंडरच्या इंजेक्टरशी अदलाबदल करून बसवावा. दरवेळी तांब्याचे नवे वॉशर वापरावे व जुने आत चिकटून राहिलेले नाही याची खात्री करावी. हेही फक्त साध्या पंपाच्या इंजिनावरच करावे. मिस इंजेक्टरबरोबर दुसऱ्या सिलिंडरवर गेला, तर नोझल खराब आहे. ते तपासणी यंत्रावर दाखवून घ्यावे. मिस पहिल्याच सिलिंडरवर राहिला, तर टॅपेटचे अंतर, कॉम्प्रेशन व शेवटी पंप या क्रमाने तपासणी करून घ्यावी. ऑईल भरण्याच्या झाकणातून धूर जोराने बाहेर येत असेल, तर रिंगा व लायनर झिजले आहेत असे समजावे. रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असल्यास हेड गॅस्केटची शंका घ्यावी. मात्र रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे.

७) टर्बो खरोखर गेला आहे का?

वरील सर्व बाबी ठीक असतील तरच टर्बोकडे वळावे. इंजिन बंद व थंड असताना फिल्टरकडील पाईप काढावा. चाकाची पाती वाकलेली, तुटलेली किंवा धुळीने घासून बोथट झालेली आहेत का, ते बॅटरीच्या प्रकाशात पाहावे. चाक बोटाने फिरवावे. ते सहज फिरले पाहिजे. दांडा बाजूला किंचित हलतो, हे नैसर्गिक आहे. ऑईलच्या थरासाठी तेवढी जागा ठेवलेलीच असते. परंतु चाक घराला घासत असेल किंवा दांडा मागे-पुढे स्पष्ट हलत असेल, तर टर्बो दुरुस्तीस आला आहे.

पाईपात ऑईलचा हलका ओलसर थर असणे हा दोष नाही. ऑईल साचलेले असेल, तर मात्र कारण शोधावे. एअर फिल्टर चोंदला असल्यास टर्बो आपलेच ऑईल खेचून घेतो. टर्बोतून ऑईल परत नेणारी नळी वाकली किंवा बुजली असल्यासही ऑईल सीलमधून बाहेर येते. हे न पाहता नवा टर्बो बसविला, तर तोही तसेच ऑईल टाकू लागतो. तसेच जुन्या टर्बोचे पाते तुटले असल्यास त्याचे तुकडे पाईप व इंटरकूलरमधून काढल्याशिवाय इंजिन सुरू करू नये.

सील पूर्ण फुटल्यास कधी कधी इंजिन ऑईलवरच भरधाव चालू लागते व बंद करण्याची केबल ओढूनही थांबत नाही. अशा वेळी इंजिनाजवळ गर्दी करू नये. हवा आत जाण्याच्या तोंडावर सपाट फळी दाबून धरावी. हात किंवा कापड लावू नये.

८) नवे ट्रॅक्टर आणि घरची गाडी

५० अश्वशक्तीपेक्षा मोठ्या ट्रॅक्टरसाठी धुराचे कडक नियम १ जानेवारी २०२३ पासून, तर मोटारगाड्यांसाठी भारत स्टेज ६ हे नियम १ एप्रिल २०२० पासून लागू झाले. त्यामुळे नव्या इंजिनांत संगणक, सेन्सर व काही मॉडेलमध्ये काजळी गाळणारे फिल्टर आले आहेत. दोष आढळला की संगणक इंजिनाला बचावासाठी मुद्दाम कमी शक्तीवर चालवितो व समोरील दिवा लागतो. अशा वेळी प्रथम दोषाचा क्रमांक वाचून घ्यावा. मोटारगाड्यांत ‘पी ०३०१’ म्हणजे पहिल्या सिलिंडरमध्ये मिस, ‘पी ०३००’ म्हणजे अनेक किंवा अनिश्चित सिलिंडरमध्ये मिस, आणि ‘पी ०२९९’ म्हणजे टर्बोचा दाब अपेक्षेपेक्षा कमी. क्रमांक फक्त दिशा दाखवितो. ‘पी ०२९९’ आला म्हणजे टर्बो बदला असे नव्हे, फाटका पाईपही तोच क्रमांक देतो. दिवा घालविण्यासाठी बॅटरीची वायर काढू नये, त्याने साठलेली माहिती पुसली जाऊ शकते. गाडी धुताना वायरच्या जोडांवर दाबाचे पाणी मारू नये.

टर्बो पेट्रोल गाडीत प्लग व कॉईल हे दोन भाग अधिक असतात. दाबलेल्या हवेतून ठिणगी पडण्यास जास्त विद्युतदाब लागतो. म्हणून झिजलेला प्लग मंद वेगात नीट चालतो व चढावर किंवा ओव्हरटेक करताना झटके देतो. एका सिलिंडरची कॉईल दुसऱ्यावर बसवून पाहावी. मिस तिच्याबरोबर सरकला, तर कॉईल दोषी आहे. इंजिनचा दिवा लुकलुकत असेल, तर वेग कमी करून गाडी लवकर थांबवावी. न जळलेले पेट्रोल सायलेन्सरमधील शुद्धीकरण यंत्र जाळून टाकते.

९) एक उदाहरण

समजा, ५० अश्वशक्तीच्या ट्रॅक्टरला रोटाव्हेटर पेलत नाही व काळा धूर येतो. बिनभाराचे फेरे बरोबर आहेत, म्हणजे रेसचा दांडा ठीक आहे. धूर काळा आहे, म्हणजे डिझेल पोहोचते आहे. आवाज एकसारखा आहे, म्हणजे मिस नाही. नवी गाळणी बसवूनही फरक पडत नाही, म्हणजे फिल्टर ठीक आहे. इंटरकूलरच्या खालच्या पाईपला तेलकट धूळ चिकटली आहे, क्लिप सैल आहे व पाईपला भेग आहे. पाईप बदलताच ओढ परत येते. याच ट्रॅक्टरच्या पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढविले असते तर? हवा आधीच कमी, त्यात डिझेल जास्त. धूर वाढला असता, धुराचे तापमान चढले असते आणि पुढे टर्बो व पिस्टन दोन्ही धोक्यात आले असते. म्हणून पंपाचे सील तोडून डिझेल वाढवून देण्याच्या सल्ल्यास ठाम नकार द्यावा.

टर्बो टिकविण्यासाठी

१. इंजिन सुरू केल्यावर अर्धा ते एक मिनिट मंद चालू द्यावे. ऑईल टर्बोपर्यंत पोहोचण्याआधी रेस देऊ नये.
२. जड कामानंतर इंजिन एक-दोन मिनिटे मंद चालवून मग बंद करावे. एकदम बंद केल्यास ऑईलचा पुरवठा थांबतो व तापलेल्या टर्बोत ऑईल जळून कोळसा होतो.
३. पुस्तिकेत सांगितलेल्या दर्जाचेच ऑईल वापरावे. ऑईल व त्याचा फिल्टर तासांच्या हिशेबाने बदलावा.
४. मळणीच्या व रोटाव्हेटरच्या हंगामात एअर फिल्टरचा निर्देशक व पाईपच्या क्लिपा रोज पाहाव्यात.
५. डिझेल साठविण्याचा ड्रम सावलीत ठेवावा, तळातले डिझेल घेऊ नये व गाळून भरावे. काम संपल्यावर संध्याकाळी टाकी भरून ठेवल्यास आत दव धरून पाणी साचत नाही.
६. ट्रॅक्टरची एक वही ठेवावी. तास, डिझेलचा खर्च, फिल्टर व ऑईल बदलल्याची तारीख तीत लिहावी. एकराला लागणारे डिझेल वाढू लागले, की ओढ कमी होण्यापूर्वीच दोषाची चाहूल लागते.

बुदनी (मध्य प्रदेश) येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरच्या चाचण्या होतात. त्या अहवालांत पी.टी.ओ.वर मिळणारी शक्ती व इंधनाचा खर्च दिलेला असतो. आपल्या मॉडेलचा अहवाल विक्रेत्याकडून पाहून घेतल्यास अपेक्षा किती ठेवावी, हे कळते.

गॅरेजमध्ये जाण्याची वेळ आलीच, तर ‘ट्रॅक्टर ओढत नाही’ एवढेच सांगू नये. बिनभाराचे फेरे किती, भारावर ते कितीवर येतात, धूर कोणत्या रंगाचा, दोष गरम झाल्यावर येतो की थंड असताना, आणि आपण काय काय तपासले, हे मेस्त्रीस सांगावे. म्हणजे त्याला दोषाच्या अचूक जागी हात घालता येईल, नको ते भाग उघडले जाणार नाहीत आणि वाफसा असेपर्यंत ट्रॅक्टर पुन्हा शेतात उभा राहील.